कोरियन फँटसी वेबटून, एआय आणि पात्रांचे पोशाख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चित्रं काढते, आणि गॅदरिंग, कॉस्प्ले (आवडत्या पात्राचा हुबेहूब वेश करणं), नाटकं यांच्यासाठी कपडे शिवते. कोरियन वेबटूनच्या नादी लागले तीही त्यातल्या कपड्यांमुळेच. तेव्हापासून वाचायचं कुठे, एआयने चित्रं काढावीत का, तो घेरदार झगा कसा शिवायचा, असे प्रश्न सतत येत असतात. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वेबटून, मानह्वा आणि मांगा यांत फरक काय?

मांगा जपानी आणि मानह्वा कोरियन. दोन्ही शब्दांचा अर्थ चित्रकथा. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, मानह्वा आपल्यासारखी डावीकडून उजवीकडे. वेबटून म्हणजे पडद्यासाठीच काढलेली मानह्वा. तिच्यात पान नसतं, एक लांबलचक पट्टी असते आणि ती अंगठ्याने खाली सरकवत वाचायची.

दाउम या कोरियन संकेतस्थळाने २००३ साली आणि नेव्हरने २००४ साली वेबटूनचा विभाग सुरू केला. कांग फुल यांनी २००३ मध्ये दाउमवर उभ्या पट्टीत दीर्घ कथा सांगितली आणि ती मांडणी रुळली. पान गेल्यामुळे दोन चित्रांमधली मोकळी जागा हेच वेळ दाखवायचं साधन झालं. कोणी कड्यावरून पडतंय, तर पडद्याच्या तीन-चार उंचीएवढा काळोख आणि मग तळाशी एक हात. पैठणचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून कथा सांगायचे. इथे पुढचं चित्र कधी समोर आणायचं ते वाचकाच्या अंगठ्यावर असतं, आणि चांगला वेबटूनकार त्या अंगठ्याचा वेग ओळखून चित्रं काढतो.

२. मी एकही वेबटून वाचलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

तुम्हाला काय आवडतं त्यावरून ठरवा. मारामारी आणि ताकद वाढत जाण्याची मजा हवी असेल तर ‘सोलो लेव्हलिंग’ घ्या. चुगोंग यांची कादंबरी २०१६ पासून आली, वेबटून २०१८ मध्ये सुरू झालं आणि २०२४ च्या जानेवारीत त्याची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका आली, जी हिंदीतही ऐकता येते. मोठं, गुंतागुंतीचं जग हवं असेल तर ‘टॉवर ऑफ गॉड’ २०१० पासून चालू आहे, पण त्याची सुरुवातीची चित्रं कच्ची आहेत. तिथे धीर धरा, चित्रकाराचा हात तुमच्या डोळ्यांदेखत तयार होताना दिसतो. मृत्यूनंतरचे न्यायनिवाडे, यमदूत असं काही आवडत असेल तर जू हो-मिन यांचं ‘अलाँग विथ द गॉड्स’ वाचा. गरुडपुराणातल्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला ते परकं वाटणार नाही.

दरबार, लग्नं, सूड आणि झगे हवे असतील तर रोमान्स फँटसीकडे या. कोरियन वाचक तिला ‘रोफान’ म्हणतात. माझा जीव तिथेच रमतो.

३. ‘रिग्रेशन’, ‘सिस्टिम विंडो’, ‘साइदा’ असले शब्द सगळीकडे दिसतात. अर्थ काय?

कोरियन फँटसीचे तीन मोठे साचे आहेत. मेल्यावर स्वतःच्याच भूतकाळात परत येणं (रिग्रेशन), दुसऱ्याच्या देहात शिरणं, बहुतेकदा आपण वाचलेल्या कादंबरीतल्या खलनायिकेच्याच, आणि पुनर्जन्म. या तिन्हींची आद्याक्षरं जोडून कोरियन वाचक ‘ह्वे-बिंग-ह्वान’ म्हणतात. परकायाप्रवेश आणि पुनर्जन्म आपल्याला नवे नाहीत. फरक हेतूत आहे. आपल्याकडे पुनर्जन्मात कर्म फेडायचं असतं, इथे मागची चूक दुरुस्त करायची असते.

सिस्टिम विंडो म्हणजे नायकासमोर हवेत उघडणारी निळी चौकट. शक्ती इतकी, चपळाई इतकी, पुढचं काम हे. ती व्हिडिओ गेममधून आली. ‘साइदा’ म्हणजे लिंबू सोड्यासारखं पेय. दुष्टाला तोंडावर सुनावलं गेलं की वाचकाच्या छातीत गार वाटतं, ते साइदा. ‘गोगुमा’ म्हणजे रताळं. पाण्याशिवाय रताळं खाल्लं की घशात अडकतं, तशी नायिका भागामागून भाग अन्याय सोसत राहिली की टिप्पण्यांत ‘गोगुमा’ लिहिलं जातं. उपासाच्या दिवशी कोरडं रताळं गिळलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागू नये.

४. कायदेशीर आणि कमी खर्चात कुठे वाचू? फुकट साइटवर तर सगळंच मिळतं.

इंग्रजीत नेव्हरचं ‘वेबटून’ ॲप २०१४ पासून आहे. बरेच भाग फुकट असतात, पुढचे लवकर हवे असतील तर नाणी विकत घ्यायची. ‘टापास’ आणि ‘टॅपीटून’ हीदेखील चांगली ठिकाणं. ‘टूनसूत्र’ या भारतीय ॲपवर हिंदी, तमिळ, तेलुगूत वाचता येतं. काकाओ या कोरियन कंपनीने २०१४ मध्ये ‘थांबलात तर फुकट’ ही पद्धत आणली. ठरावीक वेळ थांबलात की पुढचा भाग आपोआप उघडतो. घाई नसेल तर बऱ्याच मालिका पैसे न देताही जवळपास पूर्ण होतात. मी अशाच बऱ्याच वाचल्या आहेत.

चोरीच्या साइटवर वाचू नका, हे कळकळीने सांगते. कोरियात ‘बामतोकी’ नावाची मोठी चोरीची साइट होती. तिच्या चालकाला २०१८ मध्ये अटक झाली, तोवर चित्रकारांच्या पोटावर बराच पाय पडला होता. एका भागात साधारण साठ-सत्तर चौकटी असतात आणि तो दर आठवड्याला द्यावा लागतो. ते काम फुकट घेणं मला पटत नाही.

५. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिला वाचू द्यावं का?

द्या, पण मालिका तुम्ही निवडा. चित्रं गोड आहेत म्हणजे गोष्ट मुलांची असं नसतं. रोफानमध्ये अनेकदा पहिल्याच भागात नायिकेचा शिरच्छेद होतो, कारण रिग्रेशनची सुरुवातच मृत्यूने होते (प्रश्न ३). ॲपमध्ये वयाची खूण असते, ती बघा. पहिले पाच भाग स्वतः वाचा. आणि नाणी विकत घेण्यासाठी तुमचं कार्ड फोनमध्ये साठवलेलं नाही ना, ते आधी तपासा.

६. ताई, तुम्ही म्हणता पोशाख ‘वाचायचा’ असतो. म्हणजे नेमकं काय?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. जुन्या कोरियावर, म्हणजे जोसन काळावर बेतलेल्या फँटसीत कपडा ही पात्राची ओळखपत्रिका असते. आपल्याकडे कुंकू, जोडवी, पदर कुठल्या खांद्यावर यावरून जसं न विचारता कळतं, तसं.

हानबोक हा कोरियाचा पारंपरिक पोशाख. स्त्रीचा हानबोक म्हणजे वर आखूड ‘जोगोरी’ आणि छातीपासून खाली चुण्यांची ‘छिमा’. जोगोरीचे पुढचे दोन पल्ले एकमेकांवर येतात आणि ‘गोरुम’ या लांब बंदांनी छातीवर गाठ बसते. परंपरेने जांभळट गोरुम म्हणजे नवरा हयात, आणि बाहीच्या टोकाला निळी पट्टी म्हणजे मुलगा आहे. हिरवी जोगोरी आणि लाल छिमा म्हणजे नवी नवरी. केसांचंही तसंच. अविवाहित मुलगा असो की मुलगी, पाठीवर वेणी आणि तिला रिबीन. लग्न झालं की स्त्रीचा अंबाडा आणि त्यात ‘बिन्यो’ नावाची आडवी सळई, पुरुषाच्या डोक्यावर बुचडा आणि त्यावर घोड्याचे केस नि बांबू यांची विणलेली ‘गात’ टोपी.

दरबारात तर अजून बारकावे. राजाच्या झग्यावरच्या ड्रॅगनला पाच नखं, युवराजाच्या ड्रॅगनला चार. अधिकाऱ्यांच्या छातीवर चौकोनी भरतकाम असतं. मुलकी अधिकाऱ्याचा क्रौंच, लष्करी अधिकाऱ्याचा वाघ. आता विचार करा, चित्रकाराने युवराजाच्या छातीवर पाच नखांचा ड्रॅगन काढला, तर एकही संवाद न लिहिता बंड जाहीर झालं. कोरियन वाचक टिप्पण्यांत लगेच विचारतात की ही चूक आहे की खूण.

कपड्याइतकंच बोलणंही वाचायचं असतं. कोरियनमध्ये आदरार्थी सोडून एकेरीवर येणं ही कथेतली घटना असते. इंग्रजी अनुवादात सगळ्यांना एकच सर्वनाम मिळतं आणि ती घटना हरवते. मराठीत तू, तुम्ही, आपण आहे, दादा, ताई, वहिनी आहे. कोरियनमधून सरळ मराठीत अनुवाद झाले तर ते इंग्रजीपेक्षा मूळच्या जवळ जातील असं मला मनापासून वाटतं.

७. रोफानमधले गाऊन कोणत्या देशाचे, कोणत्या काळाचे?

एकाही काळाचे नाहीत, आणि हे समजून घेतलं की शिवणं सोपं जातं. अठराव्या शतकातला फ्रेंच दरबारी झगा कमरेच्या दोन्ही बाजूंना पसरट असायचा, आतून सांगाडा लावून. १८०० च्या आसपासचा झगा छातीखालून सरळ पडतो. १८५० ते ६० च्या दशकात घंटेसारखा गोल घेर आला. १८७० नंतर पुढून सपाट आणि मागे फुगवटा. रोफान यांतून हवं ते उचलते. गळा एका काळाचा, घेर दुसऱ्याचा, बाही आजच्या लग्नातली. पुरुषांचे कोट बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी गणवेशांवरून घेतलेले, खांद्यावर झालर, छातीवर दोऱ्यांची नक्षी.

यात वावगं काही नाही. फक्त एका मालिकेत एकदा नियम ठरला की तो पाळला गेला पाहिजे. त्याबद्दल प्रश्न १७ पाहा.

८. कोरियन स्टुडिओ स्वतः एआय वापरतात का?

वापरतात, आणि त्यावरून भांडणंही झाली आहेत. नेव्हरने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ‘एआय पेंटर’ आणलं. रेघांचं चित्र द्यायचं, कुठे कुठला रंग हवा तिथे ठिपका ठेवायचा, बाकी रंग ते भरतं. त्याला फारसा विरोध झाला नाही, कारण रेघ माणसाचीच होती.

२०२३ च्या मे महिन्यात मात्र नेव्हरवर एका नव्या फँटसी मालिकेचा पहिलाच भाग आला आणि वाचकांना बोटं, दागिने, कपड्यांच्या कडा विचित्र दिसल्या. गुणांकन कोसळलं. कथा नि चित्रं आमचीच, एआय फक्त शेवटच्या सफाईसाठी वापरला, असं स्टुडिओने सांगितलं. त्यानंतर नेव्हरच्या नवोदितांच्या विभागात हौशी चित्रकारांनी एआयविरोधी पाट्यांची चित्रं टाकून निषेध केला. काकाओने आपल्या एका स्पर्धेत माणसाच्या हाताने काढलेलीच चित्रं चालतील असं जाहीर केलं. त्याआधी, २०२२ च्या अखेरीस, क्लिप स्टुडिओ पेंट या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या चित्रप्रणालीने चित्र तयार करणारं एआय घालायचं ठरवलं होतं. वापरणाऱ्यांनी इतका विरोध केला की काही दिवसांतच तो बेत मागे घेतला गेला.

दुसरी बाजूही ऐका. ‘सोलो लेव्हलिंग’चे चित्रकार जांग सुंग-राक २०२२ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने गेले, वय अवघं ३७. त्यानंतर चित्रकारांच्या तब्येतीबद्दल आणि आठवड्याच्या वेळापत्रकाबद्दल बरीच चर्चा झाली. रंग भरण्याचं ओझं एखादं साधन कमी करत असेल तर मी त्याला नाही म्हणणार नाही. ‘कशासाठी वापरलं’ आणि ‘कुणाची चित्रं शिकवून ते साधन बनलं’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. ज्येष्ठ चित्रकार ली ह्युन-से यांनी स्वतःच्याच चित्रांवर एआय शिकवण्याचा प्रकल्प स्वतःच्या संमतीने केला. तिथे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वच्छ आहे.

९. एआयला कपडे नीट का काढता येत नाहीत? चेहरे तर सुंदर काढतो.

एक चित्र म्हणून कपडेही सुंदर काढतो. गडबड होते ती दुसऱ्या चित्रात.

ही साधनं रंगीत ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतात आणि तुमच्या शब्दांच्या दिशेने तो गोंधळ टप्प्याटप्प्याने साफ करत नेतात. प्रत्येक वेळी नव्याने. मागच्या चौकटीत बाहीला चार बटणं होती हे त्याला माहीत नसतं. कपडा म्हणजे तुकडे शिवून केलेली वस्तू, याची तर त्याला कल्पनाच नसते. म्हणून शिवण मध्येच कुठेतरी हरवते, बंदाचं एक टोक गाठीतून येतं आणि दुसरं हवेतून, झालर बाहीत विरघळते. एकाच चित्रात डोळा ते माफ करतो. साठ चौकटींत पात्राचा झगा साठ वेळा बदलला की वाचकाचा विश्वास जातो, कारण प्रश्न ६ मध्ये सांगितलं तसं, कपडा बदलला म्हणजे काहीतरी घडलं असं वाचक धरून चालतो.

हानबोकमध्ये तर हमखास चूक होते. जोगोरीचा डावा पल्ला उजव्यावर यायला हवा (घालणाऱ्याचा डावा, बघणाऱ्याचा नव्हे) आणि गाठ घालणाऱ्याच्या उजव्या छातीवर. एआय कधी असा काढतो कधी तसा, आणि पुष्कळदा जपानी किमोनो, चिनी हानफू आणि हानबोक यांची खिचडी करतो. स्त्रीच्या जोगोरी-छिमेवर कमरेला रुंद पट्टा दिसला तर तो बहुधा किमोनोचा ओबी आहे. ड्रॅगनच्या नखांचं तर विचारूच नका. ज्या साधनाची बोटं मोजताना चूक होते, त्याची नखं मोजतानाही होणारच.

उपाय आहेत, अर्धेमुर्धे. संदर्भचित्र देणं, एकाच पात्राच्या पंधरा-वीस चित्रांवर, मुख्य एआयला जोडायचं एक छोटं मॉडेल शिकवणं, शरीराची ठेवण आधी रेघांनी बांधून देणं. यांनी चेहरा बऱ्यापैकी टिकतो, गाठ टिकत नाही. गाठ हातानेच काढावी लागते. शिवणाऱ्याचा डोळा असलेल्या चित्रकाराचं काम म्हणूनच कमी होणार नाही असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

१०. मला एआयची मदत घेऊन स्वतःचं वेबटून काढायचं आहे. कामाचा क्रम कसा ठेवू?

आधी कथा आणि ‘कोंती’. कोंती म्हणजे चौकटींचा कच्चा आराखडा, काड्यांची माणसं चालतील. हे काम कुणालाही, कशालाही देऊ नका. वेळेचा ताल इथेच ठरतो (प्रश्न १).

मग प्रत्येक पात्राचा पोशाखपट करा, पुढून, बाजूने, मागून. त्यावर मोजून लिहा की बटणं किती, गाठ कुठल्या बाजूला, अस्तराचा रंग काय, बसल्यावर घेर कसा पडतो. एआयला इथे वीस कल्पना मागा, त्यातल्या दोन निवडा आणि मग शिवता येईल अशी एक स्वतः काढा. ‘हा झगा घालणारी बाई तो अंगात कुठून चढवते?’ हा प्रश्न विचारा. उत्तर नसेल तर आराखडा चुकला आहे.

पार्श्वभूमीसाठी कोरियन स्टुडिओ सर्रास त्रिमितीतले तयार वाडे, राजवाडे विकत घेऊन वापरतात. तुम्हीही घ्या, परवाना वाचून. सपाट रंग भरायला एआय उपयोगी आहे. शेवटी प्रत्येक चौकट पोशाखपटाशेजारी ठेवून तपासा. ‘वेबटून’ ॲपच्या खुल्या विभागात चित्रपट्टी ८०० पिक्सेल रुंद आणि १२८० पिक्सेल उंच अशा तुकड्यांत चढवावी लागते. काम मात्र दुप्पट रुंदीत करा आणि मग लहान करा.

११. मराठी संवाद एआय चित्रातच लिहून देईल का?

देईल, पण विश्वास ठेवू नका. जोडाक्षरं मोडतात, वेलांटी भलत्या अक्षरावर बसते. फुगे रिकामे ठेवा आणि अक्षरं नंतर टाका. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे टंक मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत. संवादाला मुक्ता, आरडाओरड्याला बालू, एवढ्यावर छान भागतं. मराठी ओळीला वर मात्रा आणि खाली उकार असल्याने फुगा इंग्रजीपेक्षा उंच ठेवा.

१२. एआयने केलेल्या वेबटूनचा कॉपीराइट माझा का?

देशागणिक उत्तर वेगळं. अमेरिकेत अगदी चित्रकथेवरच निर्णय झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने एका एआय-चित्रकथेबद्दल सांगितलं की मजकूर आणि चौकटींची निवड-मांडणी यांवर लेखिकेचा हक्क, मिडजर्नी या एआय साधनाने काढलेल्या एकेकट्या चित्रांवर नाही. कोरियाच्या कॉपीराइट आयोगाने त्याच वर्षाच्या अखेरीस दिलेल्या मार्गदर्शिकेचा सूरही तोच आहे, माणसाचं सर्जनशील योगदान असेल तेवढ्याचीच नोंदणी. कोरियाचा एआय कायदा २०२६ च्या जानेवारीत लागू झाला. एआय सेवा देणाऱ्यांनी मजकूर वा चित्र एआयचं आहे हे कळवायचं, असं बंधन त्यात आहे. भारताच्या १९५७ च्या कायद्यात संगणकनिर्मित कृतीचा लेखक म्हणजे ती निर्माण व्हायला कारण झालेली व्यक्ती, असं कलम आहे. पण ते आजची एआय साधनं येण्याच्या बरंच आधी लिहिलेलं आहे.

व्यवहारात एकच करा. कोंती, पोशाखपट, कच्च्या रेघा, सगळं तारखेसह जपून ठेवा. तुमचा हात कुठे लागला ते दाखवता आलं पाहिजे.

१३. आवडत्या चित्रकाराचं नाव टाकून ‘त्याच्या शैलीत’ चित्र मागितलं तर चालेल?

माझं उत्तर नाही असं आहे. शैलीवर सहसा कॉपीराइट नसतो, त्यामुळे कायदा कदाचित अडवणार नाही. पण जिवंत माणसाने वीस वर्षांत कमावलेला हात त्याच्या नावाने मागवून घेणं बरोबर नाही. शिकण्यासाठी बघून काढा, हाताने, आणि खाली त्यांचं नाव लिहा. तुमची स्वतःची चित्रं अशी वापरली जाऊ नयेत असं वाटत असेल तर शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचं ‘ग्लेझ’ हे मोफत साधन आहे. ते चित्रात डोळ्याला जेमतेम जाणवणारे बदल करून शैलीची नक्कल अवघड करतं.

१४. हानबोकसारखा पोशाख शिवायचा आहे. साडीपासून होईल का?

फार छान होतो. साडीचा पन्हा साधारण ४४-४५ इंच असतो, आणि छिमा छातीपासून घोट्यापर्यंत जवळपास तेवढीच लागते. म्हणून साडी आडवी धरायची, म्हणजे काठ आपोआप खालच्या घेराला येतो. जोसन दरबारातल्या स्त्रियांच्या समारंभी छिमेला तळाशी सोनेरी नक्षीचा पट्टा असायचा, त्याला ‘सुरान’ म्हणतात. बारीक जरीकाठ तिथे शोभून दिसतो. पैठणीचा मोर-बांगडीचा पदर मात्र नको. तो दिसला की नजर तिथेच खिळते आणि पोशाख पैठणीचाच होतो.

साडेतीन मीटर छिमेला घ्या, एकाच दिशेने चुण्या घाला आणि तीन इंची पट्टीवर बसवा. पट्टी छातीच्या वर बांधायची. ती घसरते, म्हणून आतून बंडीसारखे खांदे जोडा, आजचे कोरियन शिंपीही तेच करतात. उरलेल्या दोनेक मीटरात अस्तरासकट जोगोरी बसत नाही, अस्तर वेगळं घ्या. गळ्यावर पांढरी पट्टी लागते, ‘दोंगजोंग’. आत बकरम घालून ती कच्च्या टाक्यांनी लावा, कारण मळली की काढून बदलायची असते. खाली फुगवट्याचा परकर हवा, नाहीतर छिमा पायाला चिकटते. कापड कडक आणि हलकं घ्या, ऑर्गेंझा, टिश्यू, कॉटन सिल्क. शिफॉन आणि जॉर्जेट नको.

मी पहिली जोगोरी शिवली तेव्हा समोर असलेलं संदर्भचित्र कुणीतरी आडवं उलटवलेलं होतं आणि माझे पल्ले उलटे बसले. सगळं उसवावं लागलं. म्हणून नेहमी दोन वेगळ्या ठिकाणची छायाचित्रं बघा, आणि एआयचं चित्र संदर्भ म्हणून कधीच नको (प्रश्न ९).

१५. मुलीच्या गॅदरिंगसाठी रोफान झगा हवा आहे, दोन आठवड्यांत, कमी खर्चात.

वर चापून बसणारी चोळी, खाली घेर, आत कॅनकॅन. तयार कॅनकॅन परकर विकत घ्या, शिवत बसू नका. सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो. घेराला साटीनपेक्षा टाफेटा बरा, तो उभा राहतो आणि रंगमंचाच्या दिव्यात कमी चमकतो. खरे वाटणारे तपशील दोनच ठेवा. कोपरापाशी लेसची झालर आणि छातीवर वरून खाली लहान होत जाणारे तीन बो. बाकी साधं. मागे चेन नको, नाडी लावा, मूल वाढलं तरी पुढच्या वर्षी चालतं.

१६. ॲपमध्ये माझा फोटो टाकून ‘वेबटून लूक’ बघू का?

स्वतःचा टाकायचा तर अटी वाचून टाका, फोटो साठवतात का आणि मॉडेल शिकवायला वापरतात का एवढं तरी बघा. मुलांचा टाकू नका. मैत्रिणीचा तिला विचारल्याशिवाय नाही. रंग शोभतो का एवढंच बघायचं असेल तर कापडाच्या दुकानात आरशासमोर थान खांद्यावर टाकून बघणं जास्त खरं, कारण ॲप त्वचेचा रंग बहुतेकदा उजळ करून दाखवतं आणि मग गडद मोरपंखी, शेंदरी, हळदी असे आपल्याला खुलणारे रंग उगाच बाद होतात.

१७. फँटसीच आहे, तर पल्ला डावीकडे की उजवीकडे याने काय फरक पडतो?

हा प्रश्न रागाने येतो, पण रास्त आहे. उत्तर मालिकेवर अवलंबून. कथा काल्पनिक राज्यात घडत असेल आणि चित्रकाराने पहिल्या भागापासून उलटे पल्ले काढले असतील, तर तो त्या राज्याचा रिवाज. तिथे मी चूक काढणार नाही. कथा नाव घेऊन जोसनमध्ये घडत असेल तर नियम जोसनचे.

अवघड जागा तिसरी आहे. नायिका आजच्या सोलमधली आहे आणि दुसऱ्या जगात जाऊन पडली आहे. तिला त्या जगाचा कपडा घालता येत नाही, गाठ चुकते, दासी पुढे होऊन ती सोडते आणि न बोलता नीट बांधते. इथे चुकीची गाठ हीच गोष्ट आहे. असं चित्र काढायचं तर आधी बरोबर गाठ कशी असते ते वाचकाला दोन चौकटी आधी, दुसऱ्या कुणाच्या तरी छातीवर दिसलेलं असलं पाहिजे. पुढचा भाग वाचताना दासीच्या गोरुमकडे बघा.